स्टाफरूममधले वातावरण

कोणत्याही शाळेची चौकशी करताना पालक विचारतात, "तिथले वातावरण कसे आहे हो?" निकाल कागदावर मिळतो, फी कागदावर मिळते, वातावरण मात्र कोणाला तरी विचारावेच लागते. गंमत अशी, की हा आपला साधा घरगुती प्रश्न गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत एक शास्त्र होऊन बसला आहे. त्याला 'क्लायमेट' म्हणतात. त्याच्या प्रश्नावल्या आहेत, गुण आहेत, सरासऱ्या आहेत, आणि आपल्या विद्यापीठांत त्यावर पीएचडीचे प्रबंधही होतात. त्यांतलाच एक विषय म्हणजे व्यवस्थापन संस्थांतल्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'एमबीए कॉलेजां'तल्या, प्राध्यापकांना स्वतःच्या व्यावसायिक विकासाचे वातावरण कसे वाटते.

मी एमबीए कॉलेजात कधी शिकवले नाही. आयुष्य शाळेत गेले. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी अशा कॉलेजात शिकवते आणि तिच्याकडे भरायला आलेली अशी एक प्रश्नावली तिने मला दाखवली. इतिहासाच्या मास्तराला कागद दिसला की तो आधी विचारतो, हा आला कुठून? त्या शोधात जे हाती लागले ते येथे लिहितो आहे.

या कागदाची वंशावळ कारखान्यात किंवा एमबीए कॉलेजात सुरू होत नाही. ती सुरू होते दहा-अकरा वर्षांच्या मुलांपासून. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेला कुर्ट लेविन हा मानसशास्त्रज्ञ पुढे आयोवा विद्यापीठात काम करत होता. त्याने लिपिट आणि व्हाइट या दोन सहकाऱ्यांबरोबर मुलांची छोटी मंडळे काढली. मुले शाळा सुटल्यावर जमत, मुखवटे वगैरे बनवत. काही मंडळांचा प्रमुख हुकूमशहासारखा वागे, काहींचा मुलांना विचारून ठरवी, आणि काहींचा नुसता बसून राही. १९३९ मध्ये यावरचा लेख प्रसिद्ध झाला, आणि 'सामाजिक हवामान' हे शब्द त्यात होते. त्यातले एक निरीक्षण शिक्षकाला लगेच पटेल. हुकूमशहा प्रमुख खोलीबाहेर गेला की त्याच्या मंडळातले काम थंडावे. विचारून ठरवणारा बाहेर गेला तरी त्याच्याकडची मुले काम चालू ठेवत. वर्गात मॉनिटर नेमून ऑफिसात गेलेल्या प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक असते. पण ते मोजून दाखवता येते, हे नवे होते.

पुढची पायरी तर थेट शाळेचीच. १९६२-६३ च्या सुमारास हाल्पिन आणि क्रॉफ्ट या दोघांनी अमेरिकेतल्या ७१ प्राथमिक शाळांतल्या हजारावर शिक्षकांना ६४ विधानांची एक प्रश्नावली दिली. मुख्याध्यापक स्वतः किती राबतात, शिक्षक आपसात किती जवळचे आहेत, शिकवण्याच्या आड कारकुनी कामे किती येतात, असे त्यातले प्रश्न. उत्तरांवरून त्यांनी शाळांच्या वातावरणाचे सहा प्रकार पाडले. एका टोकाला मोकळी शाळा, दुसऱ्या टोकाला बंद शाळा, आणि अधेमधे बाकीच्या. त्यांतल्या एका प्रकाराचे नाव वाचून मला हसू आले. 'पितृवत' शाळा! मुख्याध्यापक सगळीकडे लक्ष घालतात, सगळ्यांची काळजी करतात, सगळे स्वतःच करू पाहतात, आणि त्यामुळे शिक्षक काहीच करत नाहीत. वाचकांपैकी कोणी महाराष्ट्रातल्या जुन्या संस्थांत नोकरी केली असेल तर त्यांच्या डोळ्यांपुढे दोन-तीन चेहरे लगेच येतील.

मला महत्त्वाचे वाटते ते असे, की शाळा चांगली की वाईट हे ठरवण्यासाठी प्रथमच निरीक्षकाला न विचारता शिक्षकाला विचारले गेले. त्याला जे वाटते तेच वातावरण. दप्तरात काय लिहिले आहे त्याला येथे किंमत नाही.

शाळेतून ही कल्पना उद्योगधंद्यांकडे गेली. १९६८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून लिटविन आणि स्ट्रिंगर यांचे पुस्तक निघाले, आणि 'संस्थेचे हवामान' हा व्यवस्थापनशास्त्राचा पाठ्यविषय झाला. पण बिझनेस स्कूलांतल्या शिक्षकांचे काय? तेथे त्या वेळी वेगळीच धावपळ चालू होती. १९५९ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून गॉर्डन आणि हॉवेल यांचा अहवाल आला, त्याच वर्षी कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने पिअरसन यांचाही आला. दोन्ही अहवालांनी अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलांची अब्रूच काढली. अभ्यासक्रम उथळ, विद्यार्थी सुमार, आणि शिक्षकांचे स्वतःचे शिक्षण व संशोधन अपुरे. मग फोर्ड फाउंडेशनने कोट्यवधी डॉलर ओतले. पीएचडी झालेले अर्थशास्त्रज्ञ, गणिती, मानसशास्त्रज्ञ बिझनेस स्कूलांत आले. दर्जा वाढला यात शंका नाही. पण शिक्षकाचा विकास म्हणजे शोधनिबंध, हे समीकरणही तेव्हाच घट्ट झाले. इतके, की २००५ मध्ये बेनिस आणि ओटूल या दोन ज्येष्ठ प्राध्यापकांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लेख लिहून बिझनेस स्कूले वाट चुकली आहेत अशी तक्रार केली. शस्त्रक्रिया न केलेला माणूस शल्यचिकित्सा शिकवत नाही, पण धंद्याचा अनुभव नसलेला माणूस धंदा शिकवतो, अशा धर्तीची ती तक्रार होती.

या लाटेचे पाणी आपल्याकडे आले ते अहमदाबादला. (आधी मुंबईचे नाव चर्चेत होते. १९६० मध्ये मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि नव्या गुजरातेत डॉ. जीवराज मेहता मुख्यमंत्री झाले. विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांनी ही संधी सोडली नाही. आपल्याकडे मात्र या गोष्टीची हळहळ फारशी ऐकू येत नाही.) डिसेंबर १९६१ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट, अहमदाबाद स्थापन झाली. कलकत्त्याची संस्था त्याच्या महिनाभर आधीची. कलकत्त्याने अमेरिकेतल्या एमआयटीचा हात धरला, अहमदाबादने हार्वर्डचा.

साराभाई भौतिकशास्त्रज्ञ, आणि संस्थेचे मानद संचालक. रोजच्या कामाचा मोठा भार कमला चौधरींवर होता. त्या मानसशास्त्राच्या विदुषी, अहमदाबादच्या कापडगिरण्यांच्या संशोधन संस्थेत काम केलेल्या, आणि नव्या संस्थेच्या पहिल्या प्राध्यापक. तरुण अध्यापकांना हार्वर्डच्या 'इंटरनॅशनल टीचर्स प्रोग्रॅम'ला पाठवण्यात येत असे. हा अभ्यासक्रम व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनाच शिकवण्यासाठी होता. तेथे केसपद्धती शिकायची, म्हणजे एखाद्या कंपनीची खरी अडचण वर्गापुढे मांडायची आणि स्वतः कमीत कमी बोलायचे. व्याख्यान देण्यात हयात गेलेल्यांना ही गप्प बसण्याची विद्या किती अवघड जात असेल, याची कल्पना मी करू शकतो. हार्वर्डमध्येच रोलंड ख्रिस्टेन्सन नावाचे प्राध्यापक पुढे अशा शिकवण्यावर शिक्षकांचे चर्चावर्ग घेऊ लागले. विषय कंपनीचा नव्हे, वर्गाचा. चालू तासाला चर्चा भलतीकडे गेली, एक विद्यार्थी दुसऱ्याला टोचून बोलला, शिक्षकाने काय करावे? आमच्या बीएडच्या पाठांना परीक्षक मागच्या बाकावर बसून गुण देत. ख्रिस्टेन्सन यांच्या वर्गात गुण नव्हते, अडलेले प्रसंग होते. फरक एवढाच, पण तो फार मोठा.

तरीही परदेशवारीने वातावरण तयार होत नाही. ते अहमदाबादला तयार केले रवी मथाई यांनी, असे माझे मत झाले आहे. माजी अर्थमंत्री जॉन मथाई यांचे हे चिरंजीव. ऑक्सफर्डचे शिक्षण, कलकत्त्यात कंपनीची नोकरी, मग तिथल्या नव्या आयआयएममध्ये प्राध्यापक. पीएचडी नाही. १९६५ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते अहमदाबादचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. त्यांचा आग्रह असा, की संस्था चालवायची ती अध्यापकांनी. अभ्यासक्रम काय असावा, कोणाला घ्यावे, विद्यार्थ्यांचे नियम काय, हे अध्यापकांच्या समित्या ठरवतील आणि संचालक हा त्यांच्यातलाच एक असेल. अध्यापकाने काय करायचे याची व्याख्याही रुंद होती. शिकवणे, केस लिहिणे, संशोधन, उद्योगांना सल्ला. ज्याला ज्यात गती आहे त्याने ते अधिक करावे. शेती, सरकारी खाती, शिक्षण अशा क्षेत्रांकडेही प्राध्यापक वळले, कारण वळण्याला मज्जाव नव्हता.

आणि १९७२ मध्ये, संस्था नावारूपाला आलेली असताना, मथाईंनी संचालकपद सोडले. दुसरीकडे मोठ्या पदावर जाण्यासाठी नव्हे. त्याच संस्थेत ते साधे प्राध्यापक म्हणून राहिले. सॅम्युअल पॉल संचालक झाले आणि मथाई त्यांच्या हाताखाली काम करू लागले. आपल्याकडे निवृत्त मुख्याध्यापकसुद्धा संस्थेच्या कार्यकारिणीवर जाऊन नव्या मुख्याध्यापकाच्या मानेवर बसतो. त्या मानाने ही केवढी गोष्ट! स्टाफरूममधल्या तरुण अध्यापकाला यातून जो संदेश गेला असेल तो शंभर परिपत्रकांतून गेला नसता. प्राध्यापक असणे ही खालची पायरी नाही, हा तो संदेश. मथाई स्वतः १९७५ पासून राजस्थानातल्या जवाजा या दुष्काळी भागात विणकर आणि चर्मकारांबरोबर काम करू लागले. १९८४ मध्ये ते वारले.

याच अहमदाबादच्या वातावरणात आपल्या प्रश्नावलीचा भारतीय अवतार जन्मला. उदय पारीक आणि टी. व्ही. राव हे तेथले दोन प्राध्यापक. मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९७४ च्या सुमारास त्यांना कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाची पद्धत तपासायला बोलावले. त्यांनी सांगितले, नुसते मूल्यमापन नको, माणसांच्या विकासाचीच स्वतंत्र व्यवस्था करा. १९७५ मध्ये कंपनीत तसा विभाग निघाला, आणि 'एचआरडी' हा शब्द आपल्याकडे रुळला. (पुढे १९८५ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचेच नाव मनुष्यबळ विकास मंत्रालय झाले. २०२० मध्ये ते पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले, याचा मला वैयक्तिक आनंद झाला. 'मनुष्यबळ' या शब्दात मला नेहमी बैल दिसतात.) राव पुढे काही काळ जमशेदपूरच्या एक्सएलआरआयमध्ये होते, आणि तेथे अडतीस विधानांची 'विकासाच्या वातावरणाची' प्रश्नावली तयार झाली. प्रत्येक विधानापुढे एक ते पाच गुण. वरिष्ठांना हाताखालच्यांच्या वाढीत रस आहे का, चूक झाली तर शिकण्याची संधी मिळते की शिक्षा, प्रशिक्षणाहून आलेल्याला शिकलेले वापरून पाहता येते का. मोकळेपणा, विश्वास, स्वायत्तता, सहकार्य, नवे करून पाहण्याची मुभा, हे त्यामागचे धरलेले गुण. बँका, कारखाने, सरकारी उपक्रम, सगळीकडे ती फिरली. प्राध्यापकांनी इतरांसाठी केलेला हा आरसा अखेर प्राध्यापकांपुढेच धरला गेला. एमबीए कॉलेजांतल्या संशोधकांना नमुना म्हणून सर्वांत हाताशी कोण? शेजारच्या कॉलेजातले प्राध्यापक!

आता आपल्या महाराष्ट्राकडे यायला हवे. व्यापारी शिक्षणात आपण मागे नव्हतो. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ चे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची, तिला सुरुवातीला स्टॅनफर्डचे साहाय्य होते. पुण्यात १९७४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने आयएमडीआर काढली, १९७८ मध्ये सिम्बायोसिसची व्यवस्थापन संस्था आली. या संस्था मोजक्या होत्या. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडले. त्यातून जे खासगी तंत्रशिक्षण उभे राहिले त्याच्या मागोमाग नव्वदच्या दशकात एमबीए कॉलेजे आली. एकाच आवारात अभियांत्रिकी, फार्मसी, एमबीए, आणि दारात कमान. देशभरात अशा संस्थांची संख्या हजारांत गेली. शिकवणारे कुठून आणायचे? कालचा एमबीए आज लेक्चरर झाला.

त्यांच्या शिक्षणासाठी सोयी झाल्याच नाहीत असे नाही. अहमदाबादने १९७९ पासून व्यवस्थापनाच्या शिक्षकांसाठी काही महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम चालवला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ मध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. शाळेतही आम्हाला बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रशिक्षण असे, त्यामुळे या वर्गांची जातकुळी मी ओळखतो. पहिल्या दिवशी सही, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र, आणि मधल्या दिवसांत एखाद-दुसरा खरा शिक्षक भेटला तर भाग्य. खोटे कशाला बोलू, असे भाग्य मला दोनदा लाभले आणि त्यावर मी पुढे बरीच वर्षे काढली.

खरी पंचाईत २०१० मध्ये झाली. आयोगाच्या नियमांत 'एपीआय' नावाची गुणपद्धती आली. आठवड्याच्या कार्यशाळेला दहा गुण, दोन आठवड्यांच्या वर्गाला वीस, शोधनिबंधाला इतके, परिषदेतल्या वाचनाला इतके. तंत्रशिक्षण परिषदेनेही त्याच धर्तीवर पावले टाकली. विकास मोजता येऊ लागला आणि ताबडतोब तो विकताही येऊ लागला. पैसे घेऊन काहीही छापणारी 'आंतरराष्ट्रीय' मासिके गल्लोगल्ली निघाली. २०१८ च्या नियमांनी गुणांचे ते प्रकरण बरेच सौम्य केले. बोगस मासिके रोखण्यासाठी काढलेली 'केअर' यादी २०२५ मध्ये आयोगानेच गुंडाळली. स्टाफ कॉलेजांचे नाव मध्यंतरी मनुष्यबळ विकास केंद्र झाले होते, २०२३ पासून ती मालवीय यांच्या नावाने ओळखली जातात. पाट्या बदलल्या, सवय राहिली.

माझ्या विद्यार्थिनीचे उदाहरण सांगतो. कॉलेजाचे नाव सांगण्याचे कारण नाही, अशी पुष्कळ आहेत. तिच्या फाइलमध्ये कार्यशाळांची एकोणतीस प्रमाणपत्रे आहेत. बरीचशी करोनाच्या काळातली, ऑनलाइन. एका कार्यशाळेत तिला चर्चेवर आधारलेले शिकवणे मनापासून आवडले. परत येऊन तिने विचारले, माझ्या विषयाचे दोन तास जोडून द्याल का? उत्तर आले, वेळापत्रक सगळ्यांना सारखे. मे-जूनमध्ये प्रवेशाची ड्यूटी, प्रत्येकाला विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठरवून दिलेले. नेमणूक अकरा महिन्यांची. आणि ती प्रश्नावली? ती संचालकांच्या कार्यालयामार्फत आली आणि भरून तिथेच द्यायची होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ठरवून सर्व विधानांपुढे तीन आकडा लिहिला. तीन म्हणजे 'कधी कधी खरे'. मी म्हटले, अगं, यावरून निष्कर्ष काय निघणार? ती म्हणाली, "सर, मध्यम निघणार. मध्यम निघाले की कोणाला त्रास नाही."

मी त्या प्रश्नावलीला दोष देत नाही. अडतीसही विधाने नेमकी आहेत. प्रशिक्षणाहून आलेल्याला शिकलेले वापरता येते का, या एका प्रश्नात माझ्या विद्यार्थिनीची सगळी गोष्ट आलेली आहे. पण हा आरसा जेथे तयार झाला तेथे शिक्षकाला संचालकासमोर 'मला हे पटत नाही' म्हणता येत होते. जेथे ते म्हणता येत नाही, तेथे कागदावर तीनच येणार. मग संशोधक त्या तिनांची सरासरी काढतो आणि प्रबंधात लिहितो की वातावरण समाधानकारक आहे, अजून कार्यशाळा वाढवाव्यात. वाढवतात! माझ्या विद्यार्थिनीला तिसावी कार्यशाळा नको आहे, तिला जोडून दोन तास हवे आहेत. नेमणूक अकरा महिन्यांवरून कायमची झाली, तर ती पाचही लिहील आणि एकही लिहील, जिथे जे खरे असेल ते.

अहमदाबादच्या संस्थेत १९९१ मध्ये रवी मथाईंच्या नावाने शिक्षणातल्या नवोपक्रमांचे एक केंद्र निघाले. तिथल्या मंडळींनी नव्वदच्या दशकात गुजरातमधल्या सरकारी प्राथमिक शिक्षकांना शोधून काढायला सुरुवात केली. ज्यांनी कोणी न सांगता आपल्या शाळेत काही वेगळे केले होते, असे शिक्षक. कोणी गळती थांबवली होती, कोणी गावाला शाळेशी जोडले होते. प्राध्यापकांनी त्यांची कामे लिहून घेतली आणि त्यांच्याच केस करून इतर शिक्षकांना शिकायला दिल्या. त्या शिक्षकांना कोणी प्रश्नावली दिली नाही. त्यांना विचारले, तुम्ही काय केलेत ते सांगा, आणि समोर वही उघडून बसले.